हॅमॉकची टांगणी : झाड आणि कापड यांच्या मधलं काम

आज आपण हॅमॉकच्या कापडाबद्दल बोलणार नाही, मच्छरदाणीबद्दलही नाही. आज बोलायचं आहे ते कापड आणि झाड यांच्या मधल्या भागाबद्दल. त्याला आम्ही टांगणी म्हणतो. हॅमॉक विकत घेताना लोक रंग बघतात, वजन बघतात, घडी किती लहान होते ते बघतात. पिशवीच्या तळाशी दोन दोऱ्या आणि दोन लोखंडी हूक फुकट म्हणून टाकलेले असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पण कापड सहसा दगा देत नाही. सुटतं, निसटतं, तुटतं ते दोरीचं, हुकाचं आणि गाठीचं. आणि तसं झालं की माणूस पाठीवर किंवा माकडहाडावर पडतो, तेही झोपेत, हात टेकायची संधी न मिळता.

टांगून झोपणं आपल्याला नवीन नाही. शेताच्या बांधावर, ऊसतोडीच्या फडावर लुगड्याची झोळी बांधून त्यात बाळ निजवतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्या झोळीत आणि हॅमॉकमध्ये एक मोठा फरक आहे. झोळीची दोन्ही टोकं वर एकाच फांदीला जवळजवळ जातात. भार सरळ खाली. बाळ आठ किलोचं असेल तर फांदीवर आठ किलोच येतात. हॅमॉकची टोकं मात्र दोन बाजूंच्या दोन झाडांकडे तिरकी जातात. ही चीज अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला तेव्हा तिथले तायनो लोक अशा जाळीत झोपत होते, आणि 'हमाका' हा त्यांचाच शब्द स्पॅनिशमार्गे जगभर गेला. पुढे युरोपच्या जहाजांवर खलाशी त्यातच झोपू लागले. असो. आपला मुद्दा तिरकेपणाचा आहे.

बघा, पाण्याने भरलेली बादली आहे. तिच्या कडीतून एक दोर ओवला, दोन टोकं दोघांनी धरली. दोघं जवळजवळ उभे असतील तर काम सोपं. आता दोघांनी एकमेकांपासून लांब सरकायला सुरुवात केली. दोर आडवा होत जातो, बादली तेवढीच आहे, पण हात खांद्यातून निखळतील अशी ओढ लागते. दोर अगदी सरळ आडवा करायचा म्हटलं तर दोन पैलवान आणले तरी होणार नाही. हॅमॉकचं सगळं गणित या बादलीत आहे.

आकड्यांत सांगतो. माणूस ८० किलोचा धरू. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यात ताण येतो ८० किलोचा. कोन १५ अंशांवर आणला की तोच ताण सुमारे १५५ किलो. १० अंशांवर २३० किलो. आणि ५ अंशांवर, म्हणजे ज्याला आपल्याकडे 'मस्त टाइट बांधलंय' म्हणतात त्या अवस्थेत, जवळजवळ ४६० किलो. माणूस तोच आहे बरं का. फक्त तो शांत पडून आहे तेव्हाचे हे आकडे. तो धपकन बसला की क्षणभर याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त.

त्यामुळे पहिली गोष्ट ही की हॅमॉक घट्ट ताणायचा नसतो, सैल सोडायचा असतो. नवशिक्याला हे पटत नाही. त्याला वाटतं, सैल बांधला तर पाठ वाकेल, केळ्यासारखं झोपावं लागेल. उलट आहे. सैल हॅमॉकमध्ये थोडं तिरपं, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे झोपलं की पाठ जवळजवळ सपाट येते. घट्ट ताणलेल्यात कापडाच्या दोन्ही कडा वर येऊन खांदे आवळतात, आणि कूस बदलताना माणूस बाहेर फेकला जातो.

३० अंश मोजायला कोनमापक लागत नाही. लहान मुलं हाताचं पिस्तूल करतात तसं करा. तर्जनी आडवी, हॅमॉककडे रोखलेली, आणि अंगठा सरळ वर, झाडाच्या बाजूला. तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत डोळ्यांनी रेघ ओढा. पट्टा साधारण त्या रेघेत हवा. हाताच्या ठेवणीप्रमाणे दोन-चार अंश इकडे-तिकडे होतील, काही बिघडत नाही.

आता उंची. इथे लोक फार घोळ घालतात, म्हणून जरा थांबून हिशेब करू. हॅमॉक ३.३ मीटर लांबीचा आहे. त्याच्या दोन टोकांमध्ये एक न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून ठेवायची, लांबी हॅमॉकच्या ८३ टक्के, म्हणजे सुमारे २ मीटर ७४ सेंटीमीटर. या दोरीला काही जण रिजलाइन म्हणतात, आपण कण्याची दोरी म्हणू. ती एकदा बांधली की झाडं जवळ असोत की लांब, हॅमॉकचा झोल तेवढाच राहतो. दररोज नव्याने अंदाज करावा लागत नाही. आमच्या मते दहा रुपयांच्या दोरीत एवढं काम करणारी दुसरी वस्तू कॅम्पिंगच्या सामानात नाही. तुम्ही आत झोपल्यावर ती दोरी दोन बोटांत धरून पिळता आली पाहिजे. तारेसारखी कडक लागत असेल तर पट्ट्यांचा कोन कमी पडला आहे आणि फाजील ओढ ती दोरी सोसते आहे. म्हणजे रात्रीच्या अंधारातही कोन तपासायचं हे एक साधन झालं.

तर हॅमॉकचा झोल साधारण ९० सेंटीमीटर. बसायची उंची खुर्चीइतकी, ४५ सेंटीमीटर. झाडं ४ मीटर अंतरावर असतील तर दोन्ही बाजूंना सुमारे ६३ सेंटीमीटर पट्टा भरायचा, आणि ३० अंशांत तो ३६ सेंटीमीटर वर चढतो. बेरीज करा, झाडावर पट्टा बांधायचा सुमारे १ मीटर ७० वर. म्हणजे बहुतेकांच्या कपाळाशी. झाडं ५ मीटरवर असतील तर २ मीटर, हात वर करून. ६ मीटर असतील तर २ मीटर ३०, म्हणजे दगडावर चढून. म्हणून ४ ते ५ मीटरची जोडी शोधावी. हे आकडे पाठ करू नका, पण एवढं लक्षात ठेवा की झाडं लांब तर पट्टा उंच. लोक नेमकं उलट करतात, लांब झाडांना छातीइतक्या उंचीवर बांधतात आणि जमिनीला लागू नये म्हणून ताणत बसतात.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येतो. हल्ली फार्महाउसवर, कृषी पर्यटनाच्या ठिकाणी, गच्चीवर हॅमॉक लावायची हौस वाढली आहे. झाड एकच असतं, मग दुसरं टोक फाटकाच्या विटांच्या खांबाला, पडवीच्या खांबाला, गच्चीच्या कठड्याला. विटांचा खांब वरून येणारा भार पेलायला बांधलेला असतो. बाजूने ओढायला नाही. ३० अंशांच्या नीट टांगणीतही ८० किलोचा माणूस खांबाला आडवं सुमारे ७० किलोंनी ओढतो, तेही जमिनीपासून पावणेदोन मीटरवर, म्हणजे तरफेसारखं. १० अंशांवर हीच आडवी ओढ २२५ किलोंच्या पुढे जाते. दोन-तीन मुलं एकदम बसून झोके घ्यायला लागली की विचारूच नका. आणि खांब कोसळतो तो बाहेर नाही, आत, हॅमॉकमध्ये असलेल्याच्या अंगावर. अशा खांबांखाली माणसं, विशेषतः मुलं, दगावल्याच्या घटना वेगवेगळ्या देशांत घडलेल्या आहेत. टांगणी कितीही भक्कम असली तरी इथे उपयोग नाही, उलट भक्कम टांगणीच खांब पाडते. सळई घातलेला, पायातून वर आलेला, स्लॅबला जोडलेला काँक्रीटचा खांब वेगळा. सुटा उभा विटांचा किंवा चिऱ्याचा खांब, त्याला कितीही गिलावा असो, नाही म्हणजे नाही.

झाडाचंही तसंच पारखून घ्यावं लागतं. जिवंत झाड, बुंधा निदान १५ सेंटीमीटर जाड, मुळं उघडी पडलेली नकोत. सह्याद्रीत जांभूळ, अंजन, साग, आंबा ही भरवशाची. शेवगा ठिसूळ, पांगारा मऊ आणि काटेरी. नारळाच्या झाडाची ताकद उत्तम, पण डोक्यावर काय लटकतंय ते बघा. बांधण्याआधी मान वर करून वाळलेल्या फांद्या आणि आग्या मोहोळ आहे का हे पाहायची सवय लावून घ्या. आंब्यावर तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी असतील तर दुसरं झाड शोधा, त्या पट्ट्यावरून थेट अंथरुणात येतात. देवराईत बांधू नये, गावात विचारल्याशिवाय तर नाहीच. वनखात्याच्या हद्दीत रात्री राहायचं तर परवानगी घेऊनच.

झाडाला दोरी का नाही, पट्टाच का? सालीच्या लगेच आत झाडाचं अन्न वाहून नेणारा थर असतो आणि त्याच्याही आत झाडाची जाडी वाढवणारा. दोन्ही नाजूक. ४ मिलिमीटरची दोरी तिथे रुतते. तोच ताण २५ मिलिमीटर रुंद पट्ट्यावर पसरला की सालीवरचा दाब सुमारे एक षष्ठांश होतो. पातळ, गुळगुळीत सालीच्या झाडांना ४० किंवा ५० मिलिमीटरचा पट्टा वापरावा. एका रात्रीने झाड मरत नाही हे खरं. पण तळ्याकाठची, गडाच्या पायथ्याची ती दोन सोयीची झाडं असतात ना, त्यांना दर शनिवारी कोणी ना कोणी बांधतंच. त्या झाडांवरचे वळ जाऊन बघा.

पट्टा कशाचा? पॉलिएस्टरचा. नायलॉन मजबूत असतो पण ताणतो, आणि ओला झाला की आणखी लांबतो. संध्याकाळी खुर्चीइतका उंच टांगलेला हॅमॉक पहाटे दवात भिजून दगडाला टेकतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असतो, पण उन्हाने लवकर कुजतो. दुकानदाराला विचारलं तर तो सगळ्यालाच नायलॉन म्हणतो! मग ओळखायचं कसं? तुकडा पाण्यात बुडवून, दाबून त्यातली हवा काढा. तरंगत राहिला तर पॉलिप्रॉपिलीन. बुडला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. मग दोन्ही हातांनी झटका देऊन ओढा, रबरासारखा किंचित देत असेल तर नायलॉन असण्याची शक्यता जास्त. ट्रकवर माल आवळायचे रुंद पट्टे बहुधा पॉलिएस्टरचे असतात, नवे असतील तर चालतात. खाटेची सुती नवार नको. आणि गिर्यारोहणातून बाद केलेल्या जुन्या टेपा तर मुळीच नकोत. जी गोष्ट कड्यावर भरवशाची राहिली नाही ती झोपायला कशी चालेल?

ताकदीचा हिशेब असा. ३० अंशांत ८० किलो ताण येतो, म्हणून निदान पाचपट, म्हणजे ४०० किलोवर तुटणारी वस्तू हवी. चांगले पट्टे त्याच्या बरेच वर असतात. पाचपट कशासाठी? गाठीने दोराची ताकद निम्म्याच्या आसपास घटू शकते. बसताना हिसका बसतो, ऊन-पाणी थोडं खातं. ही सगळी खर्ची घालून उरलं पाहिजे.

आता मुख्य निवड. पट्टा झाडाला फासासारखा लागतो, म्हणजे एका टोकाच्या लूपमधून दुसरं टोक ओवून घेतलं की झालं. प्रश्न असतो दुसऱ्या टोकाचा. हॅमॉकला जोडायचा कसा आणि लांबी कमी-जास्त करायची कशी? बाजारात चार-पाच तऱ्हा आहेत.

सर्वांत सोपी म्हणजे शिवलेल्या लूपांची माळ असलेला पट्टा, आणि त्यात अडकवायचा कॅरॅबिनर. शिकवायला दोन मिनिटं पुरतात. आजोबा असोत की नात, कोणीही लावू शकतं. गाठ नाही, त्यामुळे चुकीची गाठ नाही. तोटे दोन. जोडीचं वजन साधारण ३०० ते ४०० ग्रॅम होतं, आणि लांबी एका लूपाच्या टप्प्यानेच बदलते, मधलं काही नाही. कण्याची दोरी असेल तर हा दुसरा तोटा फारसा जाणवत नाही. कॅरॅबिनर मात्र किती किलोन्यूटनचा ते कोरलेलं असलेलाच घ्या. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो. किल्ल्या अडकवायचे रंगीत कॅरॅबिनर माणसासाठी नसतात. आणि पिशवीत आलेला तो इंग्रजी एससारखा उघडा हूक आजच काढून टाका. झोका घेताना दोर त्यातून हळूहळू वर चढतो.

दुसरी तऱ्हा बकलाची, किंवा हेल्मेटच्या पट्ट्याला असतात तशा दोन कड्यांची. लांबी हवी तेवढी, अगदी बोटभरसुद्धा बदलता येते. पण ओला, गुळगुळीत पट्टा कड्यांतून सरकतो, म्हणून मागे एक सुरगाठ मारून ठेवावीच लागते. बकल झाडाला टेकलेलं असेल, तिरकं दाबलं गेलं असेल, तर ते नीट धरत नाही.

तिसरी तऱ्हा हलक्यात हलकी. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, डायनीमा नावाने मिळते ती पोकळ विणीची दोरी, जी स्वतःच्याच पोटात ओवून लहान-मोठा होणारा लूप करतात. व्हूपी स्लिंग म्हणतात त्याला. ३ मिलिमीटरची चांगली दोरी हजार किलोंच्या आसपास तुटते, आणि सगळी टांगणी मुठीत मावते. आम्हाला ती आवडते, पण पहिली टांगणी म्हणून आम्ही ती सुचवत नाही. ही दोरी इतकी निसरडी असते की साध्या गाठी तिच्यात टिकत नाहीत. ओवणं नीट जमलं आहे की नाही हे अनोळखी डोळ्यांना दिसत नाही. सुमारे दीडशे अंशांना ती वितळते, शेकोटीची ठिणगीसुद्धा तिला पुरते. झाडं अगदी जवळ असली तर ती पुरेशी आखूड होत नाही, ते वेगळंच.

आणि चौथी, आम्ही वर्षानुवर्षं वापरतो ती. काहीच नाही, नुसता पट्टा आणि गाठ. हॅमॉकच्या टोकाला मजबूत दोरीचा कायमचा लूप असतो. पट्ट्याचं मोकळं टोक त्या लूपातून खालून वर काढा. लूपाच्या दोन्ही पायांच्या मागून फिरवून पुढे आणा. आणि ते टोक सरळ न ओवता दुमडून, सुरगाठीसारखं, पट्ट्याच्याच खालून सारा. ओढून बसवा. इंग्रजीत हिला बेकेट हिच म्हणतात. भार आला की ती स्वतःला आवळते, आणि सकाळी शेपूट ओढलं की सुटते. लांबी हवी तेवढी बदलते. लोखंड नाही, बकल नाही, हरवायला काही नाही. शेपूट निदान वीतभर ठेवा आणि त्याची आणखी एक अर्धी गाठ मारा. निरगाठ मारू नका, रात्रभराच्या भाराने ती अशी बसते की सकाळी दातांनी सोडवावी लागते.

मग कुठली घ्यायची? एकट्याने फिरणाऱ्याने, ज्याला गाठी मारायला आवडतं, त्याने चौथी. घरच्या मंडळींसाठी, शाळेच्या सहलीसाठी, जिथे अंधारात दुसराच कोणी बांधणार आहे, तिथे पहिली, वजन गेलं खड्ड्यात. मधल्या दोन वाईट नाहीत, पण त्यांना राखणदार लागतो.

श्रोत्यांतून एकांनी विचारलं की पावसात पट्ट्यावरून पाणी वाहत हॅमॉकमध्ये येतं, त्याला काय करायचं. हॅमॉकच्या अलीकडे, छताच्या आत येईल अशा जागी, पट्ट्याला बुटाची नाडी किंवा कापडाची चिंधी बांधून खाली लोंबती सोडा. पाणी तिच्यावरून ठिबकून जमिनीवर जातं. कोकणातल्या पावसात एक चिंधी पुरत नाही, दोन बांधा.

दुसरा प्रश्न होता की लूप चांभाराकडून किंवा बॅगवाल्याकडून शिवून घेतला तर चालेल का. ते लोक शिवण उत्तम घालतात, पण कुठला धागा, किती टाके, किती भाराला, हे तपासायचं साधन ना त्यांच्याकडे ना आपल्याकडे. म्हणून जीव टांगायचा असेल तिथे पट्टा दुहेरी करून साधी गाठ मारून लूप करा. गाठ डोळ्यांना दिसते.

शेवटचा प्रश्न, पट्टे किती वर्षं वापरावेत. वर्षांवर नाही, तपासणीवर ठरवा. दर वेळी बांधताना पट्टा बोटांमधून सरकवत न्या. कडेला धागे सुटलेत का, कुठे काचेसारखं कडक, वितळल्यासारखं लागतंय का, रंग उडून पट्टा खरखरीत झालाय का. दोरावर दोर घासू देऊ नका, घर्षणाच्या उष्णतेनेच कृत्रिम धागा कापला जातो. एवढ्यातलं काहीही आढळलं तर तो पट्टा घरी न्या, मधोमध कापा आणि मग सामान बांधायला वापरा. अख्खा ठेवला तर पुढच्या वेळी कोणीतरी तोच पिशवीत भरतो. आणि नव्या जागी टांगल्यावर पहिल्यांदा पाय जमिनीवर ठेवून, हात पट्ट्यावर ठेवून, हळूहळू भार द्या. खाली दगड असेल तर आधी तो उचला.